दचका नको, धास्ती हवी: छोट्या हॉरर गेमच्या कामाचा क्रम

छोटे हॉरर गेम बनवणाऱ्यांचे कच्चे बिल्ड, म्हणजे खेळता येतील अशा अपुऱ्या आवृत्त्या, मी गेली काही वर्षं खेळून तपासून देतो. त्यांत एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते: राक्षस आधी बनवलेला असतो. सगळा वेळ त्याच्या मॉडेलवर, चालीवर आणि किंकाळीवर जातो. मग उरलेल्या चार दिवसांत त्याच्याभोवती एक काळोखा पॅसेज घाईघाईने उभा राहतो. खेळणारा आत शिरतो, काळोख बघतो आणि ‘आता कुठूनतरी येणार’ म्हणून खांदे आवळून बसतो. राक्षस येतो, खेळणारा दचकतो, हसतो आणि गेम बंद करतो.

दचका क्षणाचा असतो आणि तो मोठ्या आवाजाने कोणालाही देता येतो. धास्ती म्हणजे काहीतरी बिनसलंय हे कळतं, काय ते कळत नाही, आणि हातातलं काम तर पुरं करायचंच आहे. ही अवस्था दहा-पंधरा मिनिटं टिकवायची तर कामाचा क्रम फिरवावा लागतो: आधी नेहमीचं, मग आवाज, मग बिघाड. खालचे टप्पे एकट्याने किंवा दोघांनी बनवलेल्या, १० ते ३० मिनिटांच्या, फर्स्ट-पर्सन (सगळं पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या) गेमसाठी आहेत. गेम टूडी असेल तर मापं बदलतील, क्रम तोच राहील.

उदाहरणासाठी एकच गेम शेवटपर्यंत धरतो. एक पंपघर, रात्रपाळी. वरच्या खोलीत टेबल, घड्याळ, वही, पेनस्टँड. जिना उतरलं की तळघर, तिथे पंप आणि तीन प्रेशर मीटर. दर तासाला तळघराचा दिवा लावायचा, खाली जायचं, तीन आकडे बघायचे, वर येऊन वहीत लिहायचे, पेन जागेवर ठेवायचं, दिवा बंद करायचा. गेममध्ये एवढंच काम आहे, आणि अशा पाच फेऱ्या.

## टप्पा १: इंजिन उघडण्याआधी एक कागद

या कागदावर चार गोष्टी लिहायच्या. चारही लिहून होईपर्यंत गोदो किंवा युनिटी, जे कोणतं गेम बनवायचं इंजिन तुम्ही वापरता ते, उघडू नका.

जागा. एकच, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मिनिटाभरात चालून होईल एवढी. माणूस सहज चालीने सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो, म्हणजे मिनिटाला ८० मीटरच्या आसपास. त्याहून मोठी जागा घेतलीत तर खेळणारा ती पाठ करू शकत नाही, आणि जी जागा पाठ झाली नाही तिच्यातला बदल त्याला कळणार तरी कसा?

काम. हाताने करायचं, पुन्हा पुन्हा करायचं आणि थोडं लक्ष मागणारं. पंपघरात वही मुद्दाम वर ठेवली आहे आणि मीटर खाली. तीन आकडे डोक्यात धरून जिना चढणारा माणूस इकडेतिकडे बघत नाही, तो आकडे पुटपुटत चढतो. आपल्याला हवी ती फट इथेच मिळते. २०२२ च्या ‘आयर्न लंग’ या गेममध्ये हेच काम फार नेटकं बसवलंय: पाणबुडीला बाहेर बघायची सोय नाही, नकाशा आणि आकड्यांवरून ती हाकायची, आणि बाहेरचं दिसतं ते फक्त ठरल्या जागी काढलेल्या फोटोत. भीती त्या कामातूनच येते, वरून काही चिकटवावं लागत नाही.

बिघाड. एका वाक्यात, आणि त्यात भूत, रक्त, प्रेत यांतला एकही शब्द न वापरता. पंपघराचं वाक्य असं: ‘माझं काम माझ्याआधी कोणीतरी करून ठेवतंय.’

न सांगायची गोष्ट. नेमकं काय चाललंय ते तुमच्यापुरतं चार-पाच ओळींत लिहा. हे गेममध्ये कधीही येणार नाही. तरीही लिहायचं, कारण ते तुम्हालाच माहीत नसेल तर प्रत्येक बिघाड वेगळ्या दिशेला जातो आणि खेळणाऱ्याला तो कच्चेपणा जाणवतो. पंपघराची गोष्ट: दुसरं कोणीतरी हीच पाळी करतंय, आणि दर फेरीला ते कामात एक पायरी पुढे असतं.

तपासणी: बिघाडाचं वाक्य कोणालातरी नुसतं वाचून दाखवा. ‘मग?’ असा प्रश्न आला तर ठीक. ‘बापरे’ आलं तर वाक्य जास्त भडक आहे, सौम्य करा.

## टप्पा २: नेहमीचं आधी, भर उजेडात

आता इंजिन उघडा आणि करड्या खोक्यांनी जागा उभी करा. टेक्स्चर (भिंती-वस्तूंवर चढवायचं चित्र) नको, काळोख नको, धुकं तर नकोच. दिवे पूर्ण लावा. या टप्प्यात एक फेरी सुरळीत चालली पाहिजे, बस.

मापांकडे नीट लक्ष द्या. डोळ्यांची उंची १.६ मीटरच्या आसपास, दार दोन मीटरच्या थोडं वर, छत अडीच मीटरच्या आगेमागे. दारात खेळणारा अडकतो म्हणून बरेच जण दार वाढवत नेतात आणि शेवटी ते फाटकाएवढं होतं. त्यापेक्षा खेळणाऱ्याचा कोलायडर, म्हणजे भिंतीला आदळणारा त्याचा अदृश्य आकार, बारीक करा. माप चुकलं की डोळ्याला जागा खरी वाटत नाही, आणि जी जागा मुळातच खोटी वाटते तिथे काही खटकलं तरी ‘बग असेल’ म्हणून सोडून दिलं जातं.

मग काम हाताला बसवा. पंपघरात दिव्याचं बटण जिन्याच्या तोंडाशी, उजव्या हाताला. मीटरचा काटा जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाही. वहीचं कव्हर उघडावं लागतं, पेन स्टँडमधून उचलावं लागतं, आकडे टाइप करावे लागतात आणि ते कागदावर हस्ताक्षरात उमटतात. लिहून झालं की पेन परत स्टँडमध्ये जाताना दिसतं. ही प्रत्येक हालचाल पुढे बिघाडासाठी लागणार आहे. जिला खेळणाऱ्याने एकदाही हात लावलेला नाही ती वस्तू बदलून काही साधत नाही. कोपऱ्यातली बाहुली फिरली काय नि न फिरली काय, तिच्याशी त्याचं देणंघेणं नसतं.

सूचना पडद्यावर लिहू नका. भिंतीवर कामाचा एक फलक लावा: दर तासाला नोंद, दिवा बंद करावा, टाकी भरली की पंप आपोआप थांबतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात ते कामी येईल.

सावध: धावण्याचं बटण, दमछाक मोजणारी पट्टी, टॉर्चची संपणारी बॅटरी या तिन्ही गोष्टी काढून टाका. त्यांनी खेळणाऱ्याचं लक्ष जागेवरून उडून हिशोबावर जातं. चाल संथ वाटते म्हणून धावणं देऊ नका, त्याऐवजी जिना दोन पायऱ्यांनी कमी करा.

तपासणी: कोणालातरी तीन फेऱ्या खेळायला लावा, तोंडाने काही सांगू नका. तिसऱ्या फेरीत तो बटणाकडे न बघता दिवा लावतोय का? लावत असेल तर नेहमीचं तयार झालं. नसेल तर पुढे जाऊ नका. मी बघितलेले अर्धेअधिक गेम इथेच घाई करून फसतात. पहिल्याच फेरीत काहीतरी विचित्र घडलं नाही तर खेळणारा कंटाळेल, अशी बनवणाऱ्याला धास्ती असते. पहिल्या दोन फेऱ्या साध्या असू द्या. त्या मिळून चार-पाच मिनिटांच्या असतात, आणि पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं राहतं.

## टप्पा ३: आवाज, थरावर थर

चित्रावर जेवढा वेळ घालवाल त्याच्या दुप्पट इथे घाला.

पहिला थर: खोलीची शांतता. रिकाम्या खोलीत फोन ठेवून, दार लावून, दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा. त्यात काहीच नाही असं वाटतं, पण असतं. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातले दोन तुकडे कापा, एक ४७ सेकंदांचा आणि एक ७१ सेकंदांचा, आणि दोन्ही एकदम लूपमध्ये लावा. या दोन लांबींचा मेळ ३,३३७ सेकंदांनी, म्हणजे ५५ मिनिटांनंतर, पुन्हा जुळतो. तोपर्यंत गेम संपलेला असतो आणि कानाला पुनरावृत्ती सापडत नाही. लूपसाठी एमपी३ वापरू नका. त्या फॉरमॅटमध्ये फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी रिकामी जागा भरली जाते आणि लूप जोडताना खटका ऐकू येतो. वेव्ह किंवा ऑग घ्या.

हा खटका मी स्वतः एकदा सोडून दिला होता. दर चाळीस सेकंदांनी ‘टिक’. मला सवयीने तो ऐकूच येत नव्हता. खेळून बघणाऱ्या तिघांनी मात्र त्याला खूण समजून भिंती तपासायला सुरुवात केली, आणि खरा बिघाड तिघांच्याही नजरेतून सुटला. शांत गेममध्ये प्रत्येक आवाजाला अर्थ लागतो, तुम्ही दिलेला असो वा नसो.

दुसरा थर: यंत्र. पंपाची घरघर. तिच्यामुळे तळघर कानाने ओळखीचं होतं. युनिटी आणि गोदो, दोन्हींत नुसता थ्रीडी आवाज लावला तर तो अंतराप्रमाणे कमीजास्त होतो, पण भिंत मध्ये आली म्हणून आपोआप दबत नाही. तळघराचं दार बंद असताना वरच्या खोलीत पंप तितकाच स्वच्छ ऐकू आला तर जागा फसते. दार बंद झालं की त्या आवाजावर लो-पास फिल्टर (वरचे सूर गाळून आवाज दबका करणारा) चढवा, ८०० ते १,००० हर्ट्झच्या आसपास, आणि दार उघडताना तो अर्ध्या सेकंदात सैल करा. एवढ्याने दार खरं होतं.

तिसरा थर: खेळणाऱ्याचे स्वतःचे आवाज. पावलं, बटण, पान उलटणं, पेन. पावलांचे कमीत कमी पाच-सहा नमुने घ्या आणि दर वेळी स्वर थोडासा वरखाली करा, नाहीतर चालणं घड्याळासारखं वाटतं. पेनाचा आवाज मात्र एकच आणि ओळखू येईल असा ठेवा. कागदावर बॉलपेन घासल्याची ती कोरडी खरखर पहिल्या चार फेऱ्यांत बारा वेळा ऐकवा. शेवटी ती लागणार आहे.

चौथा थर: शांतता. चौथ्या फेरीत, खेळणारा तळघरात मीटर वाचत असताना, पंप थांबतो. फलकावर लिहिलंच आहे की टाकी भरली की पंप थांबतो, म्हणजे यात काहीही वावगं नाही. पण तीन फेऱ्या कानाला टेकून असलेला आवाज गेला की खेळणारा आपसूक कान टवकारतो. शांततेला असं कामातलं कारण असू द्या. नुसती ‘भीतीसाठी शांतता’ लगेच ओळखू येते.

पंप झटक्यात तोडू नका, आठ-दहा सेकंदांत विरू द्या, म्हणजे ‘हा थांबला कधी?’ असा प्रश्न पडतो. आणि खोलीच्या शांततेचा पहिला थर कधीही बंद करू नका. पूर्ण शून्य आवाज झाला की खेळणारा हेडफोनची वायर तपासतो.

सावध: १९ हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा सूर घातला की माणूस आपोआप घाबरतो, असं ऐकून पुष्कळ जण तो घालतात. माणसाचं ऐकणं साधारण २० हर्ट्झला सुरू होतं, आणि लॅपटॉपचे छोटे स्पीकर तर त्याच्या कितीतरी वरचेच सूर नीट वाजवू शकतात. म्हणजे तो सूर बहुतेकांपर्यंत पोचतच नाही, आणि फाइलमध्ये उगाच जागा खाऊन बाकीचे आवाज दाबतो. जडपणा हवा असेल तर १०० ते २०० हर्ट्झमधली घरघर वापरा.

पार्श्वसंगीत घालू नका. संगीत खेळणाऱ्याला सांगतं की आता घाबरायचंय, आणि सांगितलं की धास्ती उतरते.

तपासणी: डोळे मिटून बसा आणि दुसऱ्याला एक फेरी खेळू द्या. तो कुठे आहे, काय करतोय, हे नुसत्या कानाने सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ४: उजेड आणि चित्र

इथे फार रेंगाळू नका. काळोख म्हणजे धास्ती नव्हे, काही दिसलंच नाही तर बिघाड तरी कसा दिसेल? वरची खोली नीट उजळ ठेवा. तळघरात एकच दिवा, आणि शेवटच्या मीटरपाशी त्याचा उजेड अपुरा, एवढं पुरे. तुमच्या पडद्यावरचा गडद करडा रंग दुसऱ्याच्या पडद्यावर ठार काळा असतो, म्हणून सुरुवातीला ब्राइटनेस जुळवायचा एक पडदा द्या.

जुन्या प्लेस्टेशनसारखं ३२० बाय २४० पिक्सेलचं जाड, थरथरतं चित्र अशा गेमना शोभतं, कारण लांबची वस्तू नेमकी काय आहे ते ठरत नाही. पण त्यावर व्हिडिओ टेपच्या रेषा, दाणे, कडांचे फाटलेले रंग, सगळं एकदम चढवलं की पहिल्याच सेकंदाला पाटी लागते: हा हॉरर गेम आहे. यातलं एक निवडा.

सावध: लुकलुकणारे दिवे टाळा. घातलेच तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप होऊ देऊ नका. त्याहून जलद झगमगाटाने काही लोकांना फिट येऊ शकते. हा नियम मोडायला कोणतंही कारण पुरेसं नाही.

## टप्पा ५: बिघाड, एकेक पायरी

आता, आणि आताच, काहीतरी बिनसवायचं. सगळे बिघाड कागदावरच्या त्या न सांगितलेल्या गोष्टीतूनच निघाले पाहिजेत, आणि एका फेरीत एकच.

तिसरी फेरी. खेळणारा जिन्याशी येतो तर तळघराचा दिवा आधीच चालू. मागच्या फेरीत त्याने तो बंद केला होता. की नव्हता केला? पहिला बिघाड असाच हवा, जो स्वतःच्या विसराळूपणावर ढकलता येईल. निम्म्या लोकांच्या तो लक्षातही येणार नाही, येऊ नये. ज्यांच्या येईल ते पुढच्या वेळी बटण दाबून क्षणभर थांबतील.

चौथी फेरी. पंप थांबलाय. वर आल्यावर वही उघडीच आहे, बरोबर पानावर, आणि पेन टोपण काढून तिच्यावर आडवं ठेवलेलं. हे विसराळूपणावर ढकलता येत नाही, कारण दर वेळी पेन स्टँडमध्ये गेलेलं खेळणाऱ्याने बघितलंय. पण त्यात धोका काहीच नाही. उलट कामच सोपं झालंय. दुसरा बिघाड असा असावा: अशक्य, पण निरुपद्रवी.

पाचवी फेरी. तो तीन आकडे घोकत वर येतो. वहीत पाच वाजताची ओळ भरलेली आहे. त्याच्याच अक्षरात, तेच तीन आकडे.

इथे थांबा. वही बोलत नाही, दिवा जात नाही, दार आपटत नाही. खेळणारा बहुतेक वेळा काही करत नाही, नुसता बघत उभा राहतो. काहीजण परत खाली जाऊन मीटर तपासतात. दोन्ही करायला मोकळीक द्या, आणि खाली गेला तर मीटरवर तेच आकडे असू द्या, बाकी काहीही नको. ‘एवढ्या खाली उतरला आहे तर काहीतरी दाखवू’ हा मोह इथे हमखास होतो. जिना चढून रिकाम्या हाताने परत येणं हेच त्याला दाखवायचंय.

अक्षर खरंच त्याचं वाटावं यासाठी थोडी मेहनत घ्या. हस्ताक्षराच्या फॉन्टमधल्या प्रत्येक अंकाची दोन-तीन वळणं ठेवा आणि त्यातली कोणती वापरायची ते गेमच्या सुरुवातीलाच ठरवा. तो सात कसा काढतो, चारचं पोट किती फुगवतो, हे चार फेऱ्या त्याच्या डोळ्यांखालून गेलेलं असतं. पाचव्या फेरीतला सात तसाच दिसला की वेगळं काही सांगावं लागत नाही.

बदल कधी करायचा. डोळ्यांसमोर कधीच नाही. ‘वस्तू पडद्यावर दिसत नसेल तेव्हा बदल’ असं लिहायला जाल तर दोन खड्डे आहेत. गोदोमधला व्हिजिबल-ऑन-स्क्रीन नोटिफायर मधली भिंत सहसा धरत नाही. वस्तू भिंतीमागे असली तरी कॅमेऱ्याच्या चौकटीत असली की तो ‘दिसतेय’ म्हणतो. युनिटीत रेंडररचं इझ-व्हिजिबल एडिटरमधल्या सीन व्ह्यूच्या कॅमेऱ्यालाही मोजतं, त्यामुळे एडिटरमध्ये एक आणि बिल्डमध्ये दुसरं असं घडतं आणि तुम्ही रात्रभर कोडमधली चूक शोधत बसता. सोपा उपाय जागेतच आहे: जिन्याच्या मधल्या वळणावर ट्रिगर लावा, म्हणजे खेळणारा तिथे पोचला की बदल घडेल. तिथून वरची खोलीही दिसत नाही आणि तळघरही. दिव्याचा बदल त्याने दिवा बंद करून जिन्याकडे पाठ फिरवल्यावर करा.

बोट दाखवू नका. कॅमेरा आपणहून वळवणं, वस्तू चमकवणं, बदलाच्या क्षणी ‘ढुम्म’ असा सूर देणं, यांतलं काहीही नको. पहिला बिघाड चुकला तर चुकू द्या. पाचव्या फेरीतला मात्र चुकू शकत नाही, कारण वही उघडल्याशिवाय काम पुरं होत नाही. एवढी खात्री एकाच ठिकाणी हवी.

सावध: चिठ्ठ्या आणि डायऱ्या. आधीच्या कामगाराची डायरी, भिंतीवर खरवडलेली वाक्यं, टेपवर घाबरलेला आवाज. बनवणाऱ्याला भीती असते की खेळणाऱ्याला समजणार नाही, म्हणून हे येतं. डायरी सापडली की खेळणाऱ्याच्या डोक्यातलं कोडं तुमच्या वाक्यांएवढंच उरतं. गेममध्ये मजकूर ठेवायचा तो फक्त कामाचा: फलक, वही, मीटरवरचे आकडे.

तपासणी: एकेक बिघाड काढून गेम खेळा. चौथ्या फेरीतलं पेन काढलं तरी पाचवी तितकीच लागत असेल तर पेन कायमचं काढा.

२०२३ चा ‘द एक्झिट ८’ या टप्प्यासाठी हातात वही घेऊन खेळा. भुयारी स्टेशनचा एकच पॅसेज पुन्हा पुन्हा येतो. काही वेगळं दिसलं तर मागे फिरायचं, नाही दिसलं तर पुढे जायचं. कोणता बदल तुम्हाला लगेच दिसला, कोणता सुटला, आणि काहीच बदललेलं नसताना तुम्ही किती वेळ उभे राहिलात, ते लिहून ठेवा. तिसरी नोंद सगळ्यांत उपयोगाची.

## टप्पा ६: शेवट

धास्तीच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून गेम संपेपर्यंत एक मिनिटाहून जास्त नको. आणि शेवटपर्यंत हालचाल खेळणाऱ्याच्याच हातात ठेवा. ऐन वेळी कॅमेरा काढून घेतला की तो प्रेक्षक होतो आणि सैलावतो.

पंपघरात शेवटचं काम उरलंय: दिवा बंद करायचा. तो जिन्याच्या तोंडाशी जातो, बटण दाबतो, खाली काळोख होतो. दोन सेकंद काही नाही. मग खालून, त्या काळोखातून, पेनाची खरखर येते. तीन वेळा, तीन आकड्यांएवढी. आतापर्यंत हा आवाज फक्त तो स्वतः करत होता. आणखी तीन सेकंद, आणि गेम संपला.

श्रेयनामावली साध्या अक्षरांत, संगीताशिवाय, खोलीच्या शांततेवर. नंतर मेन्यू जसा होता तसाच.

२०१६ च्या ‘अनॅटमी’सारखं गेमने स्वतः बंद व्हावं आणि पुन्हा उघडल्यावर बदललेलं असावं, असं करायचं असेल तर बंद होण्याआधी स्थिती फाइलमध्ये नक्की लिहिली जातेय हे तपासा. आणि बंद होण्याआधी किमान एखादी खूण द्या, नाहीतर लोक क्रॅश समजून निघून जातील.

## टप्पा ७: खेळून बघणारे जपून वापरा

न खेळलेला माणूस एकदाच मिळतो. पाच जण असतील तर पाचही पहिल्या कच्च्या बिल्डवर खर्च करू नका. दोन तिथे, एक आवाज बसल्यावर, दोन शेवटी.

हॉरर आहे असं सांगू नका. मागे बसा, गप्प राहा, आणि तीनच गोष्टी टिपा: कुठे थांबला, कुठे मागे वळून बघितलं, कुठे घाई केली. दिव्याच्या बटणावर हात जायला पहिल्या फेरीपेक्षा शेवटी जास्त वेळ लागला तर गेम चालतोय. कुठे हसला तर तिथे काहीतरी जास्त झालंय, ते उतरवा. शेजारी बसता येत नसेल तर दर सेकंदाला खेळणाऱ्याची जागा आणि नजरेची दिशा एका फाइलमध्ये लिहून घ्या, ती फाइल मागवा. जिन्यावर कोण किती वेळ उभं राहिलं ते त्यात स्वच्छ दिसतं.

नंतर ‘भीती वाटली का?’ विचारू नका. त्याचं उत्तर लोक तुमच्याकडे बघून देतात. ‘काय काय झालं ते सांग’ म्हणा. तो कामाचा क्रम सांगता सांगता मध्येच आवाज खाली आणून काही सांगू लागला, तर तेवढा भाग राखा.

सावध: तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तुमचा गेम तुम्हाला अजिबात लागणार नाही. पंप थांबला की तुम्हाला फक्त ऑडिओ फाइल संपल्यासारखी वाटेल. मन सांगेल की कमी पडतंय, आवाज वाढव, खिडकीत सावली घाल. घालू नका. कागद काढा, त्यावर सावली आहे का बघा. ठरवलेल्या वेळेचा शेवटचा तिसरा हिस्सा फक्त काढण्यासाठी ठेवा: या काळात गेममध्ये नवीन काहीही येणार नाही.

## टप्पा ८: बाहेर सोडण्याआधी

गेम जिथे टाकणार त्या वेबपानावरच्या चित्रात आणि वर्णनात बिघाड नको. ‘रात्रपाळी, तीन मीटर, एक वही’ एवढं वर्णन पुरतं. आशयाची सूचना द्यावी, पण काय घडतं ते न सांगता.

ऐकू न येणाऱ्यांसाठी आवाजाच्या ओळी द्या, आणि त्या नीट विचार करून द्या. ‘पंप अचानक थांबला’ असं लिहिलं तर बोट दाखवल्यासारखं होतं. त्याऐवजी पंप चालू असेपर्यंत कोपऱ्यात ‘पंपाची घरघर’ अशी ओळ असू द्या आणि तो थांबला की ती नुसती विरू द्या. पेनाची ओळ खेळणारा लिहितो तेव्हा दर वेळी दिसली पाहिजे, म्हणजे शेवटी काळोखात ती पुन्हा उमटेल तेव्हा वाचणाऱ्यालाही तेच कळेल.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकणार असाल तर एक ध्यानात घ्या: विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. छोटा गेम पूर्ण खेळूनही या मर्यादेत बसतो. म्हणून काहीजण फेऱ्या पाचाच्या पंधरा करतात, आणि आठव्या फेरीपर्यंत पेन, वही, दिवा सगळं निर्जीव होऊन जातं. त्यापेक्षा किंमत कमी ठेवा, किंवा इच.आयओ या गेमच्या संकेतस्थळावर ‘जमेल तेवढे द्या’ या सोयीने सोडा.

अपलोड करण्याच्या आदल्या दिवशी, ज्या मशीनवर गेम बनवला नाही अशा मशीनवर बिल्ड चालवा. आवाज गेमने सुरुवातीला ठेवला तेवढाच असू द्या, हेडफोन काढा, खोलीतला दिवा चालू ठेवा. साध्या स्पीकरवर पेनाची खरखर ओळखू येते का ते ऐका. येत नसेल तर बाकी काही हलवू नका, फक्त तेवढी फाइल पुन्हा रेकॉर्ड करा: कागद जाड घ्या, फोन टेबलावरच ठेवा आणि पेन जरा जोर देऊन चालवा.